उताराच्या टोकाचा नळ

नळ आला हे आमच्या गल्लीत डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. लातुरात नळ रोज येत नाही. आठवड्यातून एकदा आला तर माणसं समाधानी असतात, आणि उन्हाळ्यात तो कधी येणार हे विचारण्याचीही सोय राहत नाही. वरच्या चौकात पाणी सोडणारा माणूस लोखंडी चावी फिरवतो आणि त्याची पाठ वळायच्या आत मोटारी सुरू होतात. सगळ्यांत आधी हॉस्टेलची जाड घरघर, मग दवाखान्याची, मग दुमजली घरांची, मग आमच्यासारख्यांची बारीक कुरकुर. ही मोटार थेट नळाच्या पाइपाला जोडलेली असते. रस्त्याखालच्या लाइनीतलं पाणी ओढून ती घरच्या हौदात टाकते. हे नियमात बसत नाही, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मोटार नसलेलं घर दाखवा म्हटलं तर गल्लीच्या पार शेवटाला जावं लागतं.

गल्लीला चांगलाच उतार आहे. वरच्या टोकाला मुलींचं हॉस्टेल, तीन मजली, पुढं गाड्या लावायला फरशी घातलेली जागा. मध्यावर आम्ही पगारवाले आणि पेन्शनवाले, प्रत्येकाच्या दारात एक तुळस आणि एक स्कूटर. आणि खाली, नालीच्या कडेला, पत्र्याची घरं. पावसाचं पाणी शहाण्यासारखं खाली जातं. नळाचं पाणी मात्र वरच राहतं.

मी मूळची मुदखेडची. वडील रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरांना मिळून एक नळ होता आणि त्याच्यापुढं कळश्यांची रांग. तिथंही सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. साहेबाच्या घरची कळशी पुढं सरकायची, बायका एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या. पण भांडण समोरासमोर असायचं. कुणी पुढं घुसलं तर त्याचा हात धरता यायचा. रस्त्याखालच्या पाइपात कोण पुढं घुसलंय ते दिसत नाही, आणि घुसणारा घरात बसून पेपर वाचत असतो.

नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला हा विषय कायम शेवटच्या तासाला यायचा, मुलं दप्तर आवरत असताना. समता म्हणजे काय, कायद्यापुढे सगळे सारखे म्हणजे काय, हे मी पेंगुळलेल्या वर्गाला घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. हमखास एखादं पोर विचारायचं, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" मी म्हणायची, येईल. परीक्षेला ते यायचंही, दोन मार्कांना. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, सुटलो. आता समतेचं काय करायचं ते पुढच्या मास्तरणीनं बघावं.

पण खालच्या घरातली एक बाई माझ्याकडे यायला लागली. ती जळकोटकडची. नवरा बांधकामावर जातो, आणि ती घरात ज्वारीच्या भाकरी करून हॉस्टेलच्या मेसला देते. वरच्या हॉस्टेलात राहून डॉक्टरकीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली सकाळ-संध्याकाळ जी भाकरी खातात, ती हिच्या हातची. गल्ली तिला भाकरीवाली म्हणते. ती मला तुम्ही म्हणते आणि मी तिला तू म्हणते. तिच्याहून मी वयानं मोठी आहे हे खरं. पण ती माझ्याहून मोठी असती तरी यात फरक पडला नसता, हे मला आणि तिला दोघींना माहीत आहे.

ज्वारीचं पीठ गार पाण्यानं धरत नाही. आधण ठेवावं लागतं, उकळतं पाणी घालून पीठ मळावं लागतं, भाकरी थापताना हाताला पाणी, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, मग काटवट आणि परात धुवायला पाणी. भाकरीत पीठ जेवढं तेवढंच पाणी. आणि तिच्या दाराशी असलेला नळ पाण्याच्या दिवशी नुसता हवा सोडायचा. ती दूरच्या हातपंपावरून पाणी वाहून आणायची. उशीर झाला की मेसवाला आचारी बोलायचा, आणि दुसऱ्या कुणाला काम देऊ का म्हणायचा. तिच्या घराचं सगळं एका गोष्टीवर टेकलं होतं, त्या नळावर. नळाला पाणी असेल तर काम टिकेल, नाहीतर नाही.

खालच्या घरांना बरेच दिवस वाटत होतं की पाइपात काहीतरी अडकलंय. माती, दगड, कुणी म्हणालं झाडाची मुळी. शेवटी त्यांनी वर्गणी काढली, प्लंबर बोलावला आणि रस्ता खोदला. वर्गणी मागायला ते वरही गेले. हॉस्टेलवाल्यांनी मोकळ्या हातानं वर्गणी दिली, खोदणाऱ्यांना चहाही पाठवला. मीसुद्धा दिली. चर उकरला, पाइप उघडला, आत बघितलं. पाइप आरशासारखा स्वच्छ. प्लंबरानं डोकं खाजवलं, चर बुजवला आणि गेला. रस्त्यावरचा तो उंचवटा अजून आहे. स्कूटर त्यावरून गेली की मला दर वेळी मनात हसू येतं, आणि ते काही बरं हसू नसतं.

खरं काय ते आम्हाला लाइट गेल्यावर कळलं.

एका दुपारी नळ आला होता, मोटारी गरगरत होत्या आणि मध्येच लाइट गेली. गल्ली एकदम गप्प झाली. थोड्या वेळानं खालून आरडाओरडा ऐकू आला. मी घाबरून दारात आले, तर भाकरीवाली उतार चढून पळत येत होती, पदर ओला, हात ओले.

"मॅडम, आला! मपल्या नळाला आला! अन् काय जोर हाय म्हनता, बादली उडवून दिली!"

ती धापा टाकत होती आणि हसत होती. तेवढ्यात लाइट आली. हॉस्टेलची मोटार सुरू झाली, दवाखान्याची झाली, आणि आमच्या घरातून ह्यांनीही बटण दाबलं. ती वळून खाली पळाली. पोचेपर्यंत नळ परत फुसफुसायला लागला होता. मग ती सावकाश वर आली. आमच्या दारातल्या मोटारीकडे तिनं पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पाइपात काईच अडकलेलं नव्हतं बगा," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही, कोडं सुटल्यावर माणूस बोलतं तसं. मला मात्र राग आला. कुणाचा आला ते तेव्हा नीट ठरवता आलं नाही, म्हणून मी आत येऊन ह्यांच्यावर काढला.

मी गल्लीची बैठक बोलावली. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये, कारण जागा तिथंच होती. हॉस्टेलवाले रेणापूरकडचे, तिथं त्यांची शेती आहे. माणूस तोंडाचा मोकळा, दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ न देणारा. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. आम्ही मधले लोक खुर्च्यांवर बसलो. खालचे लोक आले आणि उभे राहिले. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी भाकरीवालीला म्हटलं, बस की. ती खांबाला टेकून म्हणाली, "बरी हाय हितं." मी पुन्हा म्हटलं, तिनं पुन्हा मान हलवली. मग मीच अवघडून गेले. सगळ्या बैठकीला तिच्याकडे पाहायला मान वर करावी लागत होती आणि वरून बोलत मात्र मीच होते.

माझं म्हणणं साधं होतं. नळ आला की पहिला तासभर कुणीही मोटार लावायची नाही. पाणी आपल्या पायानं खाली जाऊ द्यायचं. सगळ्यांचं भरलं की मग ज्याला लावायची त्यानं लावावी.

हॉस्टेलवाले म्हणाले, "ताई, तुमचं खरं हाय. पन या पोरी लोकाच्या हायत. देगलूर, जळकोट, कुठून कुठून आईबापानं पाठविल्यात. परीक्षेच्या दिवशी आंघोळीला पानी न्हाई म्हनून सांगू का त्यांच्या बापाला?"

हे खोटं नव्हतं. त्या मुलीही काही राजाच्या लेकी नव्हत्या. कुणाचा बाप एसटीत, कुणाचा कोरडवाहू शेतकरी. मी म्हटलं, तासभरच थांबायचंय, पाणी पळून जात नाही. मग डॉक्टर म्हणाले चालेल, पेन्शनवाले म्हणाले चालेल, आणि शेवटी हॉस्टेलवालेही म्हणाले, "हाव, ठरलं मग." चहा झाला. खालच्या लोकांनी खुर्च्या उचलून आत ठेवल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी चावी फिरली आणि गल्ली गप्प राहिली. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मग कुठंतरी बारीक घर्र झालं. मग दुसरीकडे. मी चपला घालून बाहेर पडले. पहिल्या घरातल्या बाई म्हणाल्या, मोटार नाही हो, वॉशिंग मशीन. दुसरीकडे सांगितलं, मिक्सर आहे, चटणी वाटतोय. चटणी वाटायला कुणी हौदाचं झाकण उघडत नाही. दवाखान्यात म्हणाले, पेशंटचं मशीन आहे, बंद करता येत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याची मोटार ऐकू येत होती आणि शेजाऱ्यानं लावली म्हणून आपण लावली होती. सगळ्यांत आधी कुणी लावली हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी आले तर हे बटणाशी उभे.

"सगळ्यांनी लावलीय," ते म्हणाले.

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. विचारतोय."

"आपली बंद राहील," मी म्हटलं. त्या दिवसापासून आमची मोटार बंद आहे. यात थोरपणा किती आणि हट्ट किती हे मला सांगता येणार नाही. शिकवणाऱ्या माणसाला आपलाच धडा खोटा पडलेला बघवत नाही, एवढंच.

मग मी लाइटच्या ऑफिसात जायला लागले. माणसांवर विसंबून चालत नाही तर मुळात लाइटच बंद करावी. नळाच्या वेळी तासभर गल्लीची लाइट काढा, एवढं माझं मागणं होतं. तिथल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मी बरी आहे ना याचा अंदाज घेतला.

"मॅडम, इथं लोक लाइट द्या म्हणून भांडायला येतात. काढून घ्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्यांनी गल्लीचा अर्ज आणायला सांगितला. खालच्या प्रत्येक घरानं सही किंवा अंगठा दिला. मधल्यांपैकी थोड्यांनी दिली, तीही दार अर्धं उघडून. मग मी खेपा घालत राहिले. साहेब रजेवर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब आत्ताच बाहेर पडले. माझे गुडघे तेव्हापासूनच बोलायला लागले. शेवटी माझ्या मुद्द्यापेक्षा मला कंटाळून असेल, पण त्यांनी मान्य केलं. पाणी सोडणारा माणूस चावी फिरवायच्या आधी वायरमनला फोन करणार आणि वायरमन आमच्या गल्लीची लाइट काढणार.

ते दिवस मी विसरणार नाही. नळ आला की गल्ली शांत. वर पाणी, मध्ये पाणी, आणि खालीही पाणी. भाकरीवालीनं पहिल्या दिवशी घरातलं होतं नव्हतं ते सगळं भरलं. रांजण, पिंप, बादल्या, पातेली, शेवटी चहाचे कपसुद्धा. भरायला काही उरलं नाही तेव्हा तिनं दार धुतलं, पायरी धुतली आणि नळाखाली नुसते पाय धरून उभी राहिली. शेजारणी तिला हसत होत्या आणि स्वतःही तेच करत होत्या. संध्याकाळी ती माझ्याकडे गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आली. मी सुखावले होते. उगाच लपवत नाही. नोकरीत इतकी वर्षं जे फळ्यावर लिहिलं ते एकदा तरी रस्त्यावर खरं झालं होतं, आणि त्यासाठी कुणाचं मन बदलावं लागलं नव्हतं, नुसतं एक बटण खाली करावं लागलं होतं.

पण उन्हाळा चढला. दुपारच्या उकाड्यात पंखे बंद व्हायला लागले तशी गल्ली तापली. मी भाजी आणायला निघाले की गप्पा थांबायच्या. माझ्याशी मात्र कुणी वाकडं बोललं नाही. "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे, पण..." असं म्हणायचे आणि पण नंतरचं गिळायचे. मी त्याला फार मोठी झीज समजत होते.

मग हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जनरेटर आला. मुलींच्या अभ्यासासाठी, परीक्षा तोंडावर आलेल्या. नळाच्या दिवशी लाइट गेली, जनरेटर धडधडला आणि त्याच्यावर मोटारही चालली. ते बघून दवाखान्यानं मोटारीची वायर इन्व्हर्टरला जोडून घेतली, मग इतरांनी. लाइट बंद, पंखे बंद, मोटारी चालू. पुढं पुढं वायरमननंही लाइट काढायचं सोडून दिलं. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "फजूल हाय ना मॅडम, कामून करायचं?"

मी हॉस्टेलवाल्यांकडे गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी माझा हात धरल्यासारखं मला बाहेरच्या भिंतीशी नेलं.

"बगा ताई, तुमची भाकरीवाली. तिच्यासाठी तोटी बसवून दिली. आमच्या हौदातलं पानी. रोज न्यावं तिनं. मी कुनाला पान्यावाचून ठेवत न्हाई."

भिंतीला नवीकोरी पितळी तोटी होती. ते खरंच आनंदात होते. त्यांच्या डोळ्यांत लबाडी शोधायचा मी प्रयत्न केला, पण सापडली नाही. पाणी देणारा माणूस आणि पाणी तोडणारा माणूस एकच आहे, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं ते मला आलं नाही. मी चहा पिऊन परत आले.

तोटीचा कॉक आतल्या बाजूला होता. आतून कुणी उघडला की बाहेर पाणी. त्यामुळे भाकरीवाली घागरी घेऊन भिंतीशी थांबायची. थांबलीच आहे तर जरा एवढं झाडून घे, असं एक दिवस आचारी म्हणाला असेल. मग पार्किंग रोज तीच झाडायला लागली. मग मुलींची पार्सलं गेटवरून वर नेऊन द्यायला लागली, मग पाहुणे आले की त्यांची भांडी. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. पाणी घ्यायचं तर हात आखडून कसं चालेल, असं तिलाच वाटायला लागलं असणार. मी दारात बसून बघायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मी अंगाचा तिळपापड करून घेणंही सोडलं. कंटाळा येतो हो माणसाला. अन्यायाचाही येतो आणि त्याच्याशी भांडण्याचा तर त्याहून येतो.

आमच्या घरात मोटार बंद होती म्हणून नळाला बारीक धार यायची. तिच्याखाली बादली लावायची, भरली की हौदात ओतायची, परत लावायची. ह्यांच्या छातीचं दुखणं निघाल्यावर बादली उचलणं माझ्याकडे आलं. माझे गुडघे आधीच बेजार. हौद कधी पुरा भरायचा नाही, मग टँकरवाल्याला फोन करा, त्याची वाट बघा.

"अगं, कुणासाठी बंद ठेवलीय?" हे एक दिवस शांतपणे म्हणाले. "तिला तर हॉस्टेलातून रोज पाणी मिळतंय. आपण मोटार लावली काय आणि नाही लावली काय. पाणी वरचेच ओढतात."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या बोलण्यात खोट काढावी म्हणून मी दोन दिवस घालवले आणि निघाली नाही. मी ठरवलं, पुढच्या नळाला मोटार लावायची. फक्त चोरून लावायची नव्हती. आधी खाली जाऊन तिला सांगायचं आणि मग लावायची.

दुपारी गेले. ती चुलीशी भाकरी थापत होती. माझ्यासाठी तिनं पाट सरकवला. बसल्या बसल्या मी नेहमीच्या सवयीनं तिलाच बोलायला लागले. ते झाडणं बंद कर. ती पार्सलं, ती भांडी, कशासाठी? पाणी तुझ्या हक्काचं आहे, तुझ्याच नळाचं ते ओढून घेतात आणि तुलाच उपकार म्हणून देतात. आपण परत अर्ज करू.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"नगं मॅडम," ती म्हणाली. "तुमी लाइट बंद केली तवा गल्ली तुमाला काई बोलली का?"

"नाही."

"मला बोलली. तुज्यापायी आमी उकडून राहिलो म्हने. मेसच्या निम्म्या भाकरी काढून घेतल्या मपल्या, मशीनच्या आनल्या. तोटी बसवली तवा परत दिल्या."

मला हे माहीत नव्हतं. एवढे दिवस ती माझ्या दारावरून गेली-आली आणि एका शब्दानं बोलली नाही. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुमी लई झटत होता. कसं सांगू?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्या न्यायाची किंमत ती भरत होती आणि मी गुडघ्यांचं कौतुक करत बसले होते. आता मोटारीचं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर चुलीच्या धुरानं ठसका लागला. पिठाचे हात पुसून ती उठली.

तिच्या घरात भिंतीशी निळं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं. तिनं ते ओलांडलं. कोपऱ्यात, विटांच्या चवथऱ्यावर, एक तांब्याची घागर होती, घासून लख्ख केलेली, तोंडावर ताट झाकलेलं. त्यातलं पाणी तिनं मला दिलं.

"पिंप भरलेलं आहे की," मी म्हटलं.

"ते हॉस्टेलचं हाय. त्यांच्या भाकरीला त्यांचं पानी." तिनं घागरीवर परत ताट ठेवलं. "हे मपल्या नळाचं."

"तुझ्या नळाला कुठं येतंय आता?"

"येतंय नं. तुमची मोटार बंद असती, मग तुमच्यापासून खाली जरासं उतरतं. धार लई बारीक. पन धरून बसलं की एक घागर भरती. पियाला आमी हेच वापरून राहिलो. हे भरताना कुनाचं काई झाडावं लागत न्हाई."

ती परत चुलीशी बसली आणि पुढच्या भाकरीचा उंडा करायला लागली. मी पाणी प्यायले. त्याला काही वेगळी चव नव्हती, आमच्याच नळाच्या पाण्यासारखं होतं. पेला ठेवला आणि मोटारीचं न बोलता घरी आले. चढ चढताना पहिल्यांदाच लक्षात आलं की तो किती आहे.

पुढचा नळ संध्याकाळी आला. चावी फिरली. हॉस्टेलची घरघर सुरू झाली, मग दवाखान्याची, मग दुमजली घरांची. हे बटणाशी जाऊन उभे होते. आमचं ठरलंच होतं.

"लावू?"

"नको," मी म्हटलं.

"आता काय झालं?"

मी सांगितलं नाही. सांगायला फार वेळ लागला असता आणि सांगून ते एका घागरीएवढंच निघालं असतं.

"किती दिवस, अगं?"

मी स्टूल ओढून नळाशी बसले, बादली लावली. करंगळीएवढी धार पडत होती. बादली निम्मी झाल्यावर मी नळही बंद केला, जाऊ दे खाली. कुणी म्हणेल मला तेव्हा फार बरं वाटलं असेल. नाही वाटलं. पाठ दुखत होती, रात्रीच्या भांड्यांना पाणी पुरणार नव्हतं आणि टँकरवाल्याला फोन करायचा राहिला होता. खाली तिची घागर भरत असेल का, म्हणून मी कान देऊन बसले. मोटारींच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही.